बादलीतला स्वेटर

तिला आणलं ते पालथीच. पाठीवर एक जाड, राखाडी, हाताने विणलेला स्वेटर चिंब होऊन चिकटलेला, आणि बरोबरची दोन माणसं आळीपाळीने बाटल्यांतलं पाणी त्याच्यावर ओतत होती. आमच्या वॉर्डात भाजलेली माणसं रोज येतात, पण अशी पाणी घालत आणलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

"वाटेत एकदा पाणी संपलं सिस्टर," त्यांतला एकजण म्हणाला, "तर पाठीतून पुन्हा धूर निघायला लागला. विझलेल्या माणसातून धूर! आता बोला."

मी बोलले नाही. माझा एक नेम आहे. ड्यूटीवरचं पहिलं ड्रेसिंग हातावेगळं होईपर्यंत मी मौन ठेवते. देवाला द्यायला माझ्याजवळ तेवढंच आहे. वॉर्डातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून मला मौनी सिस्टर म्हणतात. पुढे काय बोलायचं ते आमच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या चणीने लहान, आवाजाने दांडग्या. त्यांनी वाकून वास घेतला. कुणी जवळच बसून लसूण सोलत असावं तसा वास येत होता.

"पाणी थांबवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि पडदे ओढा. दिवे घालवा."

भर दुपारी आम्ही ड्रेसिंगची खोली अंधारी केली. नळाच्या धारेखाली, भिजवून भिजवून, तो स्वेटर मी पाठीवरून सोडवला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत सोडला. मग डॉक्टरीणबाईंनी त्याच्या जागी घातलेली ओली पट्टी जराशी उचलली.

काय सांगू! तिच्या मांसात उजेड होता. मोहरीएवढे, त्याहूनही बारीक कण, फिकट हिरवट, कुठे एक, कुठे दोन शेजारी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोऱ्यासारखा धूर. "सुंदर" हा शब्द माझ्या मनात आला आणि मी तो तिथल्या तिथे दाबला. तिच्या वेदनेवर असला शब्द ठेवायला माझी जीभ, अगदी मनातली जीभसुद्धा, धजेना. पण अंगावर काटा आला होता तो भीतीचा नव्हता. इतकं लहान काहीतरी इतक्या हट्टाने जळत राहतं, आणि त्याला कुणी घडवलं आहे, या विचाराने माझे हात जोडले जायला हवे होते. हात रिकामे नव्हते, म्हणून नुसती मान वाकवली.

डॉक्टरीणबाई चिमट्याने एकेक कण काढत होत्या आणि मी धरलेल्या पाण्याच्या वाडग्यात सोडत होत्या. पाण्यात पडला की कण काळा व्हायचा.

"विझला?" दाराशी उभी असलेली एक बाई विचारत होती. ती त्या बाईची नणंद. पलीकडच्या गावी राहायची, म्हणून वाचलेली. वहिनीला आणलेल्या ट्रकच्या मागोमाग आली होती.

"झोपला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा फॉस्फरस. याला हवा मिळाली की जागा होतो. पाण्यात आहे तोवर निजलेला. म्हणून ती बादलीही तशीच राहू दे. स्वेटरमध्ये एक मोठा तुकडा अडकलाय. हात लावायचा नाही कुणी."

नणंदेने मान हलवली. ती ओल्या डोळ्यांनी पाठीकडे बघत होती. तिने काय ऐकलं आणि काय नाही, ते आम्हाला पुढे कळलं.

बाई चार घास खाऊ लागली आणि तिची जीभही चालू लागली. ती आणि तिचा नवरा मिळून बेकरी चालवायचे. वॉर्डात तिचं नाव भट्टीवाली पडलं. पालथी पडल्या पडल्या ती सगळ्यांना टोमणे मारायची. जेवणाच्या गाडीवरचा पाव बोटांनी दाबून म्हणायची, "हा पाव की उशी? डोक्याखाली ठेवला तर मान सरळ होईल." मला म्हणायची, "मौनी सिस्टर, तुमचा देव तुमच्या गप्प बसण्यावर खूश असेल, तर माझ्यावर फार रागावलेला असणार."

"तुमच्या बडबडीवर त्याची करमणूक होत असेल," मी म्हणायचे.

"मग एवढी करमणूक करून मला मिळालं काय?"

 त्यावर मी तिची उशी सरळ करायचे.

त्या दुपारची गोष्ट तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. दुसरी खेप भट्टीत होती. बाहेर गलका झाला म्हणून ती आणि तिचा नवरा दारात आले. आकाशात काहीतरी फुटलं होतं आणि त्यातून पांढऱ्या शेपट्या खाली येत होत्या, पुष्कळ, सावकाश, उलट्या टांगलेल्या झाडासारख्या. सगळी गल्ली रस्त्यावर येऊन वर बघत होती.

"हे म्हणाले, वर कुणीतरी पीठ चाळतंय बघ." इतकं सांगून ती हसली. "सगळं त्यांना पिठासारखंच दिसायचं. लग्नात मला पहिल्यांदा बघून म्हणाले होते, मळायला सोपी दिसत नाही."

मग ते पीठ खाली पोचलं. समोरचं छप्पर पेटलं. तिच्या पाठीवर काहीतरी पडलं, आणि ती ओरडेपर्यंत नवऱ्याने अंगातला स्वेटर काढून कणीक मळायच्या पाण्याच्या पिंपात बुडवला होता आणि तिच्या पाठीवर दाबून धरला होता. पाठ थंड झाली. त्याने तिला चौकाकडे ढकललं आणि मागे वळला.

"कशाला वळले?" मी विचारलं.

"भट्टीचं दार उघडं राहिलं होतं." ती म्हणाली. "पिठाचं कोठार शेजारी. उघड्या भट्टीची ठिणगी पिठाला लागली तर घर उडतं, हे त्यांच्या बापाने त्यांना लहानपणी थोबाडीत मारून शिकवलेलं. सगळं आभाळ पेटलेलं, सिस्टर, आणि हा माणूस आपल्या घरच्या आगीला दार लावायला गेला."

बेकरीचं छप्पर पडलं ते त्यानंतर.

त्याचं काहीही मिळालं नव्हतं. बोट नाही, बटण नाही. होता तो स्वेटर. तिनेच विणलेला, दर थंडीत थोडा उसवून पुन्हा मोठा केलेला, कारण पाववाल्याचं पोट दर थंडीत वाढायचं. बादली माझ्या टेबलाखाली असायची. रोज मी वरून ताजं पाणी भरायचे. आणि रोज तिचा एकच प्रश्न.

"सुकवून कधी देताय?"

"जमेल तेव्हा."

"मला मऊ नको, इस्त्री नको. कोरडा द्या. गळ्याशी त्यांचा वास असेल अजून. ओल्याला वास येत नाही."

तिच्यापेक्षाही ती बादली खुपत होती नणंदेला. बेकरीत वाढलेली मुलगी ती. पिठाच्या घरात ओल चालत नाही. ओलं फडकं म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे पोत्यांचा सत्यानाश. या घराण्यात सगळं ओलं आधी भट्टीच्या अंगाला लावून खडखडीत करायचं आणि मगच आत न्यायचं, असा पिढीजात कायदा. आपल्या दादाचा स्वेटर दिवसेंदिवस पाण्यात कुजतोय हे तिला बघवेना. आमचं "हात लावायचा नाही" तिला घाणीबद्दलचं वाटलं. घाण काय, साबणाने जाते.

एका सकाळी, मी पहिल्या ड्रेसिंगच्या नेमात गुंतलेली असताना, नणंद ती बादली घेऊन धुलाईघरात गेली. स्वेटर स्वच्छ धुतला, पिळला, आणि बॉयलरच्या गरम नळावर पसरला. त्याला हाताने सारखं केलं. मग वहिनीला आयती ऊब मिळेल म्हणून समाधानाने शेजारी बसून राहिली.

पुढचं धुलाईमामांकडून ऐकलं. धुलाईघर त्यांच्या ताब्यात, आणि ते मूळचे घाबरट.

"मी चादरी मोजतोय. लसणाचा वास आला. म्हटलं, ही बाई इथे फोडणी द्यायला बसली की काय! वळून बघतो तर स्वेटरची बाही पांढरी ज्योत होऊन उभी. काडी नाही, ठिणगी नाही, आपली आपण! आणि ही बया ती ज्योत हाताने दाबतेय. मी ओली चादर टाकली, एकावर एक, पाच टाकल्या असतील, आणि सगळं गाठोडं हौदात. सिस्टर, माझं आयुष्य कपडे वाळवण्यात गेलं. वाळला म्हणून पेटला, असा कपडा बघायचा राहिला होता."

स्वेटरची डावी बाही गेली; मोठा तुकडा अडकलेला बाकीचा स्वेटर पुन्हा बादलीत ठेवला. नणंदेची दोन बोटं भाजली. बोटांवर मी पट्टी बांधत होते तेव्हा ती रडली नाही, फक्त म्हणाली, "मी धुतला होता हो. तीनदा."

"आमचं चुकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात लावू नका म्हणालो, का ते तुम्हाला समजलं का, हे पाहिलं नाही."

भट्टीवालीला मात्र खरं वाटेना. "इतक्या दिवसांनीही आग?" तिने विचारलं. "वन्सं, इतके दिवस पाण्यात राहून?"

"हो वहिनी. तशीच्या तशी."

वकीलबाई आल्या त्या याच आठवड्यात. कुठल्या तरी मोठ्या चौकशी मंडळाकडून, लांबून. साधे बूट, दमलेला चेहरा. खुर्ची ओढून त्या भट्टीवालीच्या उशाशी अशा बसल्या की तिला मान वळवावी लागू नये. तेवढ्यावरून मला त्या आवडल्या.

त्यांनी फिरवाफिरव केली नाही. "मला तुमचा स्वेटर हवाय," म्हणाल्या.

"रांगेत उभ्या राहा," भट्टीवाली म्हणाली. "माझा नंबर पहिला, वन्संचा दुसरा."

वकीलबाई हसल्या आणि मग समजावून सांगू लागल्या. युद्धालाही कायदे असतात. देशादेशांचा एक करार आहे. माणसांच्या वस्तीवर आग लावणारी हत्यारं वापरण्यावर त्यात बंधनं आहेत, आणि विमानातून टाकायला तर सरळ मनाई. पण तो करार अशाच हत्याराला आग लावणारं म्हणतो, जे मुळात जाळण्यासाठी बनवलेलं आहे. जे धुरासाठी किंवा उजेडासाठी बनवलं, आणि जाळणं ज्याचा जोडपरिणाम, ते त्या व्याख्येत बसत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांनी हे टाकलं ते म्हणतात, आम्ही धुराचे गोळे उडवले. सैन्याच्या हालचाली झाकायला."

 भट्टीवाली म्हणाली, "माझी पाठ उघडी करून दाखवा हो त्यांना. धुराने असं होतं का विचारा."

"मी तेच दाखवायला निघालेय. व्याख्येत बसलं नाही तरी दुसरे नियम आहेत. सैनिक कोण आणि साधी माणसं कोण हे वेगळं ओळखायचं, वस्तीत असं काही वापरायचं तर माणसं जळू नयेत याची काळजी घ्यायची. त्यावर ते म्हणतात, गोळे उंचावर फुटले, खाली पोचला तो नुसता धूर. जळतं काही कुणावर पडलंच नाही. आणि आमच्याकडे दाखवायला काही नसतं. हा पुरावा स्वतःलाच खाऊन टाकतो. घरं जळली, त्यांच्याबरोबर तोही जळाला. हा एकच तुकडा पाण्यात राहिला."

"मग तुकडा कापून न्या. स्वेटर ठेवा."

"कापला तर म्हणतील कुठून तरी आणलाय. तो तुमच्या लोकरीत मुरलाय, लोकरीला तुमच्या पाठीची कातडी लागलीय. तिन्ही एकत्र आहेत म्हणून कुणाला नाकारता येत नाही."

"परत कधी मिळेल?"

"वर्षं जातील. कदाचित मिळणारही नाही."

"आणि ज्यांनी उडवले त्यांना शिक्षा?"

वकीलबाईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "होईल असं सांगून तुमच्याकडून घेतला, तर ती फसवणूक होईल."

"मग नाही देत," भट्टीवाली म्हणाली, आणि पालथी होतीच, फक्त चेहरा उशीत खुपसला.

वकीलबाई उठल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी निघणार होती. "तोवर मी आहे," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दुसरा मार्गही तिला सांगून टाकला. सांगायला हवाच होता. स्वेटर तिचा, निर्णय तिचा. इस्पितळामागच्या मैदानात वाळूचा थर करायचा, स्वेटर त्यावर मांडायचा, आणि आतली आग जळून जाऊ द्यायची. धूर विषारी, म्हणून सगळ्यांनी लांब राहायचं. जे उरेल ते कोरडं, निर्धोक, तिचं. गळा बहुतेक उरेल. उजवी बाही उरेल.

"तेच करा वहिनी," नणंद म्हणाली. "जळू दे आणि संपू दे. तो बादलीत बघितला की मला दादा बुडाल्यासारखा वाटतो."

"गळा उरेल ना?"

"गळा उरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग ठरलं."

ठरलं. मी धुलाईमामांना वाळूचं सांगून आले. वकीलबाईंचा विचार मनात येत होता, पण कुणाच्या दुःखाचं काय करायचं हे ठरवणारी मी कोण! प्रार्थनेच्या वेळी मी काही मागितलं नाही. काय मागावं तेच समजेना, म्हणून नुसती बसून राहिले.

सकाळी मी तिचं ड्रेसिंग पहिलं घेतलं. पाठ भरत चालली होती. कडेने नवी कातडी आत सरकत होती, गुलाबी, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. कुणी सांगितलं नसताना, कुणी बघत नसताना, ती रोज तसूभर पुढे यायची. इतकी वर्षं ही करणी बघतेय, आणि अजून दर वेळी हात क्षणभर थांबतोच.

"थांबलात का?" भट्टीवालीने विचारलं.

माझं मौन होतं. मी तिच्या खांद्याला, न भाजलेल्या जागी, बोट लावलं.

"बरी होतेय म्हणता?" ती म्हणाली. मग म्हणाली, "सिस्टर, मी ती बघितलीच नाही अजून."

मी पुढे वाकले.

"ती आग. माझ्या पाठीवर होती. सगळ्यांनी बघितली, तुम्ही बघितलीत, वन्संनी हाताने दाबली. मलाच दिसली नाही. मैदानात नेऊन संपवायच्या आधी मला ती एकदा बघायचीय. जवळून."

ड्रेसिंग संपवून मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग तिच्याकडे बघून हो म्हणाल्या. वकीलबाईंनाही बोलावलं, कारण भट्टीवालीनेच सांगितलं, "त्यांनाही येऊ दे. त्यांनी तरी कुठे बघितलीय? नुसती बोलतायत तिच्याबद्दल."

पुन्हा ती खोली, पुन्हा ओढलेले पडदे. खिडकी वरच्या अंगाने उघडी, वारा बाहेर खेचायला पंखा. भट्टीवालीला आम्ही पालथीच खाटेसकट आणलं आणि खाटेची उशाकडची बाजू खाली केली, म्हणजे तिची नजर बादलीच्या काठाशी आली, दोन हात दूर. नणंद तिच्या पायाशी. कोपऱ्यात वकीलबाई. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी ओल्या वाळूचं घमेलं आणि भिजलेली चादर घेऊन उभी.

डॉक्टरीणबाईंनी लांब चिमट्याने स्वेटरचा खांदा पाण्याच्या वर उचलला. पाणी निथळलं. काही झालं नाही. ठिबक, ठिबक. 

मग लोकरीच्या आत कुठेतरी पहाट झाली. आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय. फिकट हिरवा उजेड टाक्याटाक्यांच्या मधून पाझरायला लागला. प्रत्येक टाका वेगळा दिसू लागला, तिने घातलेला प्रत्येक टाका, आणि त्यांच्या मधून पांढरा धूर जमिनीच्या दिशेने, सावकाश, दह्यासारखा सांडू लागला. इतका वेळ पाण्यात असलेलं, थंडगार, निपचित काहीतरी नुसत्या हवेने जागं होत होतं. काडी नाही, ठिणगी नाही. आम्ही जी हवा घेऊन जगतो तीच.

मी मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काही सुचलं नाही. हे त्याच्याच जगातलं आहे, त्यानेच केलेलं, मातीत सुरक्षित ठेवलेलं. ते मातीतून उपसून, गोळ्यात भरून, लोकांच्या डोक्यावर चाळायचं हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

टक्क करून एक पिवळी ठिणगी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तत्क्षणी खांदा पाण्यात बुडवला. अंधार.

 मग भट्टीवालीचा आवाज आला, हळू, टोमणा नसलेला. असा आवाज तिचा मी आजवर ऐकला नव्हता.

"आमच्या भट्टीतल्या आगीला भूक असायची. लाकूड द्या, खायची. पोट भरलं की निजायची. पाणी मारलं की मरायची. तीस-तीस वर्षं तिच्याशी संसार केला आम्ही, तिचं सगळं कळायचं. हिला भूकच नाही. ही नुसती वाट बघते."

"वहिनी," नणंद म्हणाली, "पुरे आता. मामा वाळू पसरून बसलेत. संपवून टाकू."

"वन्सं, आम्ही दारात उभे राहून बघत होतो. सगळी गल्ली. लहानांना खांद्यावर घेऊन दाखवत होते लोक. टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहिल्या होत्या. का? तर वरून काय येतंय ते एकालाही ठाऊक नव्हतं. तुमच्या दादाला ठाऊक असतं, तर ते भट्टीचं दार लावायला गेले असते? ते पिठाला भ्यायले. हिला भ्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

नणंदेने वहिनीच्या पायावर हात ठेवला.

"आणि मी हिला मागच्या मैदानात नेऊन जाळली, तर झालं. ज्यांनी टाकली त्यांच्या मनासारखं झालं. धूर होता, उडून गेला. काय वकीलबाई?"

"हो," कोपऱ्यातून आवाज आला.

"गळा हवाय मला. वास हवाय, साबणाने उरला असेल तेवढा. रात्रंदिवस दुसरं काही नको वाटतं." तिचा आवाज फाटला आणि तिने तो सावरला. "वन्सं, तुम्ही सांगा. निम्मा तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी मामांना हाक मारते."

पट्टी बांधलेली दोन बोटं नणंदेने मुठीत धरली होती. अंधारातही मला ते दिसत होतं. तिने नाक ओढलं.

"दादा माझं कधी ऐकायचा नाही," ती म्हणाली. "तुमचं ऐकायचा. तुम्ही म्हणाल ते."

मी पडदे उघडले.

मग वकीलबाईंच्या पद्धतीने सगळं झालं. काचेची जाड बरणी आली, रुंद तोंडाची. स्वेटर पाण्याखालीच घडी करून तिच्यात उतरवला, काठोकाठ पाणी भरलं, झाकण घट्ट बसवलं, वरून लाख लावली. वकीलबाईंनी सही केली, डॉक्टरीणबाईंनी केली, मी केली. मग वकीलबाई कागद घेऊन खाटेशी गुडघ्यांवर बसल्या.

"हा स्वेटर तुमचा, तुम्ही स्वखुशीने देताय, असं लिहिते. चालेल?"

"नाही चालणार. देत नाहीये मी. ठेवायला देतेय. लिहा."

"ठेवायला दिला," वकीलबाईंनी लिहिलं.

"आणि काम झालं की मला परत हवाय. कोरडा."

वकीलबाईंचा पेन थांबला. "बाई, पाण्यात ती आग संपणार नाही. काम संपलं तरी ती असेलच."

"मग तुम्हीच कुठेतरी मैदानात न्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जळू द्या. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांना पुढच्या रांगेत बसवा. आणि उरेल तो गळा मला पाठवा. मी नसले तर वन्संना. हे लिहिता येतं का तुमच्या कायद्यात?"

"असं याआधी कुणी लिहून मागितलेलं नाही."

"आता मागितलं."

वकीलबाई लिहीत राहिल्या. त्यांना घाई होती, खाली गाडी उभी होती, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. मग मजकूर वाचून दाखवला, संथ, स्पष्ट. भट्टीवाली डोळे मिटून ऐकत होती. नणंद तिच्या केसांतून हात फिरवत होती. बरणी खिडकीशी होती आणि दुपारच्या उन्हात तिच्यातलं पाणी निवळशंख दिसत होतं.

"बरोबर आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"पुन्हा एकदा वाचा," भट्टीवाली म्हणाली.